बनुकाकीच्या घरातलं पेव

धोंडुबाईचं माहेर वर्षातले दहा महिने पाण्याखाली असतं. होळी झाली की धरणाचं पाणी हळूहळू मागे सरतं. आधी महादेवाच्या देवळाचं शिखर वर येतं, मग सभामंडप, आणि चैत्र संपता संपता जुनं खडकवडं सगळंच्या सगळं उघडं पडतं. म्हणजे जेवढं उरलंय तेवढं. छपरं नाहीत, दारं नाहीत. गुडघ्याएवढ्या भिंती, चौकटींखालचे दगडी उंबरे, जात्यांच्या तळ्या, चावडीचा चौथरा. सगळ्यावर करड्या गाळाचा थर, उन्हानं तडकून पापडासारखा झालेला.

ते बघायला साताऱ्याहून, कऱ्हाडहून माणसं येतात. सकाळी निघायचं, देऊळ बघायचं, काठावरच्या पाणपक्ष्यांचे फोटो काढायचे, वर माळावरच्या नव्या गावात धोंडुबाईच्या घरी पिठलं-भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत माघारी. आधी धोंडुबाई नुसतं जेवण करायची. नवरा फौजेतून सुभेदार होऊन आला आणि चार वर्षांत गेला, मुलगाही फौजेतच. घरात ती आणि सून प्रियदर्शनी. सुनेनंच फोनवर फोटो टाकले, तिनंच लोकांना सांगितलं, "आमच्या आत्यांचं गाव हाय ते. त्या फिरवून आणतील." तेव्हापासून अठ्ठावन्न वर्षांची धोंडुबाई वाटाडी झाली.

तिचा एकच नियम होता. भिंत ओलांडायची नाही. घरात जायचं तर दारातून.

"आवं, भिंत कुठं ऱ्हायलीया मावशी? दोन दगडं तर हाईत," कुणीतरी हसायचं.

"तुमच्या घरात कुणी खिडकीतनं आलं तर चालंल का?" ती म्हणायची. लोकांना ते आवडायचं. म्हातारीची माया म्हणून फोनवर टिपून घ्यायचे. खरं कारण ती सांगत नसे. जुन्या खडकवड्यात घरोघरी पेवं होती. धान्य साठवायला जमिनीत खणलेले, माणूस दीड माणूस खोल खड्डे, तोंडाला अरुंद, पोटात रुंद. सत्तेचाळीस वर्षांच्या गाळानं ती भरली होती, पण वरची साय वाळलेली आणि खाली सगळं लापशीसारखं. कुठल्या घरात पेव कुठं, हे धोंडुबाईला डोळे झाकून ठाऊक होतं. अकरा वर्षांची होईपर्यंत ती त्याच घरांतून लपाछपी खेळली होती.

एका घराकडे मात्र ती कुणाला नेत नसे. चावडीच्या मागचं, ओढ्याच्या अंगाचं, तिच्या चुलतीचं. बनुकाकीचं.

बनुकाकीला मूलबाळ नव्हतं. नवरा परागंदा झालेला. धोंडुबाईवर तिचा फार जीव. हाक मारायची ती सुद्धा निराळीच, शेवटचं अक्षर लांबवून, वर चढवत नेऊन, "धोंडेऽऽ". अशी हाक दुसऱ्या कुणी कधी मारली नाही. धरणात पाणी अडवायचं ठरलं, लोकांनी वासे उतरवले, गाड्या भरल्या, पण काकी हलेना. "माझा माणूस परत आला तर त्यानं मला कुठं हुडकायची?" म्हणायची. सगळी वर माळावर राहायला गेली. काकी एकटी खाली. आषाढात पाणी वेशीला लागलं आणि तीन दिवसांत गाव गेलं. मोठ्या माणसांनी सांगितलं, बनुकाकी तिच्या माहेरी गेली, औंधाकडं. पोरीनं विचारलं, कधी येणार? कुणी काही बोललं नाही. पुढे कुणी विचारलंही नाही.

गेल्या वैशाखातली गोष्ट. रविवार होता. सकाळच्या गाडीनं चौदा जण आले. साताऱ्याच्या एका कॉलेजातली अंकिता नावाची मुलगी आणि तिचा चुलतभाऊ यशराज त्यांत होते. अंकिताला जुन्या घरांच्या बांधणीचा अभ्यास करायचा होता. वहीत सारखी काहीतरी रेखाटत मागे रेंगाळायची.

धोंडुबाई सगळ्यांना घेऊन देवळात गेली. सभामंडपात उभं राहून सांगत होती, या खांबाला पोरं वेटोळं घालून चिंच खायची, इथं बेलाचं झाड होतं. ऊन टळटळीत. अकराचा सुमार असेल. वारा नाही, पाखरू नाही. एवढ्या मोकळ्या माळावर इतकी शांतता की लोकांच्या बुटांखाली गाळाचे पापुद्रे मोडायचे तेवढाच आवाज.

आणि मागून हाक आली.

"धोंडेऽऽ."

ती बोलता बोलता थांबली. लोकांच्या तोंडांकडे बघितलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "मग, मावशी?" तिनं तोंड उघडलं तोच पुन्हा. "धोंडेऽऽ." लांबवलेली, वर चढलेली. चावडीच्या मागून.

धोंडुबाईनं हातातली काठी घट्ट धरली. पाय म्हणत होते, जाऊ नको. तेवढ्यात हाक तिसऱ्यांदा आली, आणि या खेपेला तिच्यात घाई होती. जशी चुलीवर दूध उतू जाताना काकी हाक मारायची, तशी.

ती धावली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, भिंतींवरून उड्या मारत धावली. लोक आधी बघतच राहिले, मग मागून पळाले.

बनुकाकीच्या घरात, सोप्याच्या कोपऱ्यात, अंकिता छातीपर्यंत जमिनीत होती. दोन्ही हात बाहेर, बोटं गाळात रुतलेली. तोंड चिखलानं माखलेलं, डोळे पांढरे. ती ओरडत नव्हती. गाळानं छाती अशी आवळली होती की श्वासच जेमतेम जात होता.

"कुणी म्होरं येऊ नका!" धोंडुबाई ओरडली. "तिथंच थांबा सगळी. साय फुटंल." तिनं काठी पेवाच्या तोंडावर आडवी टाकली, अंकिताचे हात उचलून काठीवर घेतले, आणि स्वतः गाळावर पालथी पडली, पोटावर. "ओढण्या द्या. जेवढ्या हाईत तेवढ्या."

तीन ओढण्या एकाला एक बांधल्या. मुलीच्या काखेतून घातल्या. उंबऱ्यावर यशराज आणि आणखी तिघे. "हिसका मारू नगा. हळू. गाय वितीया असं समजून ओढा." अर्धा तास गेला. मग गाळानं एकदाच मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि मुलगी बाहेर आली. पाठोपाठ खड्डा बुडबुडला आणि पुन्हा सपाट झाला, जसं काही झालंच नव्हतं.

वर घरी प्रियदर्शनीनं अंकिताला आंघोळ घातली, आपली साडी नेसवली, गूळ घातलेला चहा दिला. रंग परत आल्यावर धोंडुबाई तिच्याजवळ बसली.

"बाई, तू हाक मारलीस म्हून बरं झालं."

अंकितानं मान हलवली. "मी नाही मारली, मावशी. आवाजच फुटत नव्हता."

"तीनदा मारलीस की. नावानं."

"तुमचं नाव मला माहीतही नाही. सगळे मावशीच म्हणत होते."

प्रियदर्शनीनं हातातली कपबशी खाली ठेवली. मुलीनं पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही हसाल. पण मी आत गेले ना, तेव्हा खाली जातच होते. गळ्यापर्यंत गेले होते. मग पायाला काहीतरी लागलं. तळव्याखाली. कुणी दोन्ही हातांची ओंजळ करून पाय झेलावेत तसं. आणि मला वर उचललं. छातीपर्यंत. तुम्ही येईपर्यंत तसंच धरून ठेवलं होतं."

"दगड असंल," प्रियदर्शनी पटकन म्हणाली.

"असेल," अंकिता म्हणाली. "पण दगड थरथरत नाही ना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी पडू नये म्हणून पेव बुजवायचं ठरलं. गावातली चार माणसं दगडं घेऊन खाली गेली. धोंडुबाईनं त्यांना आधी बांबू घालून तळ बघायला लावला. दगड असेल तर बांबूला लागेल. नऊ हात लांब बांबू पेवाच्या तोंडातून सरळ आत गेला. कोपऱ्यात घातला, मध्ये घातला, तिरका घातला. दगड लागला नाही. तळसुद्धा लागला नाही. माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मग घाईघाईनं दगडं लोटली आणि मागे न बघता वर आली.

त्या संध्याकाळी धोंडुबाई गुंडातात्याकडे गेली. गुंडातात्या पंच्याहत्तरी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू, दिवसभर धरणाकाठच्या कट्ट्यावर बसून पाण्याकडे तोंड करून असायचा. गाव उठलं तेव्हा तो तिशीतला होता आणि शेवटच्या गाड्या त्यानंच हाकल्या होत्या.

"तात्या, बनुकाकी म्हायेरी गेलीच न्हवती. व्हय ना?"

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. "आज कसं इचारलंस?"

"तिनं काल मला हाक मारली."

गुंडातात्याचे ओठ हलू लागले. धोंडुबाईला वाटलं, तो देवाचं नाव घेतोय. पण तो सांगत होता.

"मला धाडलं हुतं तिला आणाय. दिस मावळाया आला हुता. चावडीपतूर बैलांच्या गुडघ्याएवढं पाणी. बैलं म्होरं जाईनात. मी गाडीवरनंच हाक मारली, बनुवैनी, चला. आतनं ती म्हणाली, आले रं, एवढं जोंधळं काढती पेवातलं. मी थांबलो. परत हाक मारली. म्हणाली, आले रं." त्यानं काठीनं पाण्याकडं दाखवलं. "पाणी वाढत हुतं. साप व्हात येत हुतं, धोंडे. मी गाडी वळवली. वेशीत आलो तरी आयकाय येत हुतं. आले रं, थांब. वर येऊन सांगितलं, ती म्हायेरी गेली. सगळ्यांस्नी कळलं. कुणी उलटून इचारलं न्हाई."

"आन् तुमी रोज हितं बसताय ते?"

"अजून म्हणती ती," म्हातारा म्हणाला. "पाणी चढाया लागलं की. आले रं म्हणती."

धोंडुबाईला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग तुमी काय म्हणता?"

"काय म्हणू? मी तर निघून आलेला माणूस."

त्या वर्षी मृग लागल्यावर पाणी चढायला सुरुवात झाली. सहली बंद झाल्या होत्या. चावडीला ओल लागली त्या दिवशी दुपारी धोंडुबाई एकटी खाली उतरली. प्रियदर्शनी नको नको म्हणत होती, तिला म्हणाली, "तासाभरात येती. काकीला आणाय गेलं पायजे."

काकीच्या घरासमोर पाणी घोट्याला लागत होतं. करडं, गार, आवाज न करता चढणारं. दगडांनी बुजवलेल्या पेवावर बुडबुडे येत होते, एक, मग एक. धोंडुबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "काकी, चला. जोंधळं ऱ्हाऊ द्या. मी थांबलीया."

उत्तर आलं नाही. ती थांबली. पाणी नडगीला लागलं. बुडबुडे बंद झाले. तिला एकदम वाटलं, आपल्या उजव्या बाजूचं पाणी हललं, कुणी पाय उचलावा तसं. तिनं तिकडं बघितलं नाही. लहानपणी रानातून येताना काकी सांगायची, मागून येणाऱ्याकडं वळून बघू नये, त्याचा पाय अडतो. ती सरळ चालत निघाली, हळू, दोघींना जमेल अशा चालीनं. देऊळ मागे पडलं, गाळ संपला, चढाची मुरमाड वाट आली. सगळ्या वाटेत एकदाही तिनं मान फिरवली नाही.

वर कट्ट्यावर गुंडातात्या बसला होता. पावलं ऐकून त्यानं तोंड वर केलं. त्याला दिसत नव्हतं, पण नाकपुड्या फुलल्या. ओल्या गाळाचा वास आला होता.

"आली का गं?" त्यानं विचारलं.

"मला ठावं न्हाई, तात्या," धोंडुबाई म्हणाली. "मी बघितलं न्हाई." आणि दमलेल्या पायांनी त्याच्या शेजारी बसायला वळली.

म्हातारा काठी आवरून बाजूला सरकला. तिला जागा केली. ती बसली. मग त्यानं हात जोडले आणि आणखी एका माणसाएवढा सरकला.