खंडेनवमीचा सर्व्हर

आमच्या अंबरनाथच्या सरकारी ऑफिसात तीन शहरांच्या कॉम्प्युटर कामाची आखणी करणारे एक साहेब होते. त्यांचं बोलणं ‘समजा’नंच सुरू व्हायचं. “समजा, बदलापूरच्या माणसाला दाखला उल्हासनगरात हवाय,” म्हणत ते भेळेच्या कागदावरही चौकोन काढून बाणांनी जोडायचे. मला कीव यायची, आणि रागही. कित्येक वर्षं खपून त्यांनी तिन्हीकडचं काम एका सर्व्हरवर आणलं.

खंडेनवमीला शिपायानं तो सर्व्हर बंद करून हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. साहेब धावत आले. “अहो, तिन्हीकडच्या खिडक्या ठप्प होतील!”

“पूजेतल्या हत्याराला हात नाय लावायचा, साहेब. आता दसऱ्यानंतरच.”

साहेब तक्रारींची वाट बघत फोनपाशी बसले. संध्याकाळ झाली तरी फोन वाजला नाही. तिन्हीकडची माणसं अजून जुन्या रजिस्टरांवरच काम उरकत होती, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

“समजा, लाइनच बिघडली असेल,” म्हणत त्यांनी रिसीव्हर उचलला. चालू लाइनची घरघर मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आली.

दसऱ्यानंतर शिपाई सुकलेला हार काढून बटण दाबायला गेला.

“राहू दे,” साहेब म्हणाले. “कुणी विचारलं तर चालू कर.”