अक्कांनी केलेली सही

धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात मला वाचवलं ते अक्कांनी. काय घडलं ते मागून, नाव आधी. कॉम्प्युटरच्या खोलीत त्या एकट्या बाई, पण साहेबासमोरही त्यांचा आवाज कधी उतरला नाही.

मी मालवणकडचा, सातवीतून शाळा सुटलेला, भट्टीवर कामाला. त्या यंत्राला हात लावायचीही मला धास्ती. भट्टीचे आकडे भरायला अक्कांनी चपला बाहेर काढायला लावून मला खुर्चीत बसवलं. "अंजबॅडप्पा," त्या कानडीत म्हणाल्या. "म्हणजे भिऊ नको. डावीकडं नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडं आकडा. ही फाइल माझा प्रोग्राम ओळीओळीनं वाचतो आणि भट्टीचा तक्ता छापतो. तुझ्या बायकोची वाणसामानाची यादी याहून अवघड असेल."

प्रोग्राम अडला की ऑपरेटरला बोलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "कुठली ओळ वाचता येईना, ते प्रोग्रामनं सांगावं," म्हणायच्या.

एकदा भट्टीची वेळ चाळीस मिनिटांवरून पन्नास करायची होती. आमच्या रजिस्टरात खाडाखोडीला सक्त मनाई. जुना आकडा ठेवून खाली नवा लिहायचा. फाइलमध्येही मी तसंच केलं. प्रोग्रामनं वरची ओळ उचलली, खालची पाहिलीच नाही. तक्त्यावर चाळीसच छापले गेले, दुसऱ्या पाळीनं त्याबरहुकूम भट्टी चालवली आणि सगळा माल कच्चा निघाला.

"सातवीवाल्याला बसवलं की हेच होणार," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

गावी परतायला मला तोंड नव्हतं. बायकोला दिवस गेलेले.

अक्का उठल्या. "खाडाखोड नको हा नियम कारखान्याचा, सर. त्यानं तो पाळला. एकच नाव दोनदा आलं तर थांबून विचार, हे मी प्रोग्रामला शिकवलं नव्हतं. मग घरी कुणी जायचं?"

"याची बाजू घेऊ नका, बाई."

"बाजू कुठं घेते? सही करते." अहवालावर त्यांनी लिहिलं: चूक प्रोग्रामची, जबाबदार मी.

मी राहिलो. त्यांची त्या वर्षीची बढती गेली. मी डोळे पुसत उभा, तर म्हणाल्या, "रडू नंतर. प्रोग्रामला शिकवलंय. आधी एक नाव दोनदा लिही, आता तो ओरडतो का बघू."

ओरडला. ओळीच्या नंबरासकट.

आता मी लांब गुजरातेत फोरमन आहे. इथंही माल बिघडला की पहिलं बोट कमी शिकलेल्याकडंच वळतं. अक्का, एक दिवस ते बोट माझ्या हाताखालच्या माणसावर उठेल. नोकरीची भीती मलाही वाटेल, हे आजच सांगून ठेवतो. तरी सही करीन, आणि त्या कागदाची नक्कल घेऊन धारवाडला तुमच्या दारात येईन.