तोंड वाकडं झालं त्यानंतर

दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी चहाचा घोट तोंडातून बाहेर आला आणि साडीवर सांडला. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, महिन्या-दोन महिन्यांत बरं होईल. झालं, पण निम्मंच. ओठ एका बाजूला गेला तो गेला. डावा डोळा अजूनही पुरता मिटत नाही.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी घरी येऊन, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जाताना एकजण म्हणाली, "विश्वास ठेवा बाई, पूर्ण बरं होते." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण चेहरा तसाच राहिला, आणि माझा विश्वासच कमी पडला असं मला वाटू लागलं. आणि ते कमीपण सगळ्यांना दिसेल अशाच जागी होतं.

प्रभुभोजनाच्या रविवारी, चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, लहानसा पेला ओठांना लावला, तर द्राक्षारस हनुवटीवरून पांढऱ्या पदरावर उतरला. शेजारच्या बाईने नजर वळवली. तेच जास्त लागलं. त्यानंतर प्रभुभोजन असलं की मी चर्चला जाईनाशी झाले.

पुढच्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. ती अकोल्याला, जुन्या शहरात, भावाकडे होती. शनिवारी बसने जाऊन मी मुक्काम करायचे आणि तिला वरणभात भरवायचे. निम्मा घास परत यायचा. मी पुसायचे, पुन्हा चमचा भरायचे.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी, भाऊ चर्चला गेलेला असताना, तिने विचारलं, "आज चर्चले कावून नाई गेली वं?"

मी खरं ते सांगितलं.

"तू माह्यं तोंड पुसतं, तवा तुले घाण वाटते काय?"

"नाही, आई."

"मंग देवाची माया तुह्यापेक्षा कमी हाये काय?"

मला पटलं असं नाही. तिच्यासाठी वरणभात कालवायला घेतला.

पावसाळ्यात चर्चचे पाळक तिला घरी प्रभुभोजन द्यायला आले. भाकरीचा तुकडा द्राक्षारसात भिजवून त्यांनी तिच्या जिभेवर ठेवला. मग पेला माझ्यापुढे धरला. मी नाही म्हणणार होते, पण आई पाहत होती. घेतला. सांडला. पाळकांची प्रार्थना चालूच राहिली. मी आईचं तोंड पुसलं आणि त्याच रुमालाने माझं.

थोड्याच दिवसांत ती गेली. माती देताना उजवा डोळा कोरडा होता. डाव्यातून पाणी वाहत होतं. बायका पाठीवर हात फिरवत राहिल्या. हा डोळा नेहमीच गळतो, हे मी कोणाला सांगितलं नाही.

चेहरा बरा कर, असं आता मी मागत नाही. थकले म्हणून की मान्य केलं म्हणून, ते ठाऊक नाही. आहे तशीच देवाने मला जवळ घेतलं आहे, एवढं मात्र मनात बसलं आहे. काही रविवारी अजूनही लाज वाटते. ती घेऊनच मी प्रभुभोजनाला पुढे जाते.