प्रॅक्टिसचं बटण

माझी जाऊ बेसूर आहे. हे मी हेव्याने म्हणत नाही. म्हणजे हेवा मला आहेच, पण ती बेसूर आहे हेही खरं आहे. लग्न होऊन ती आमच्या घरात आली त्या वर्षी गौरीपुढे तिने आरती म्हटली. एका सुरात सुरू केली, भलत्याच सुरात संपवली, आणि वाटेत काय झालं याचा तिला पत्ताही नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचा आवाज खणखणीत आहे हो." मी तेव्हा धारवाडला सप्तापुरात गुरुजींकडे शिकायला जात होते. रोज पहाटे षड्ज लावून बसत होते. मला कुणी कधी खणखणीत म्हटलं नाही.

तर ही माझी जाऊ गेल्या वर्षी जगप्रसिद्ध गायिका झाली. मोबाईलवर.

दिरांचं हुबळीत दाजीबानपेठेत कापडाचं दुकान आहे. दुपारी ते जेवून आडवे होतात आणि गल्ल्यावर जाऊ बसते. त्या वेळी गिऱ्हाईक नसतंच. तिथे तिला हा गेम सापडला. त्यात आपण एक गायिका तयार करायची. नाक, डोळे, केस, कपडे सगळं आपण निवडायचं. सुरुवातीला ती एका खोलीत राहते. मग तिने प्रॅक्टिस करायची, गाणं रेकॉर्ड करायचं, शो करायचे, मुलाखती द्यायच्या. बोट लावलं की एक आठवडा जातो. चाहते वाढतात, घर मोठं होतं, दारात गाडी येते. दसऱ्याला आम्ही हुबळीला गेलो तेव्हा जावेने सोनं देण्याआधी फोन पुढे केला. पडद्यावर एक निळ्या केसांची बाहुली हात वर करून उभी होती, आणि समोर माणसांचा समुद्र.

"बघा की अक्का, माझे चाहते. मोजायला येत नाहीत एवढे झालेत!"

माझ्या पोटात दुखलं. उगीच शब्द फिरवत नाही, दुखलंच. इतकी वर्षं गाणं शिकलेली मी, हायस्कूलमध्ये मुलींना स्वागतगीतं बसवून निवृत्त झाले, आणि हिच्यापुढे समुद्र! तो चितारलेला आहे हे मला कळत होतं. कळून उपयोग झाला नाही.

धारवाडला परतताना बसमध्येच मी तो गेम फोनवर घेतला. वाटेतलं रायापूर येईपर्यंत माझी गायिका तयार होती. साडी नव्हती म्हणून त्यातल्या त्यात लांब बाह्यांचा झगा घातला, केसांचा अंबाडा घातला. वाद्य निवडा म्हणाले. तंबोरा नव्हता, गिटार होती. मी काहीच निवडलं नाही. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "रियाज."

आणि खरंच रियाजच होता तो. पहिल्याच पडद्यावर प्रॅक्टिसचं बटण होतं. ते दाबलं की एक हिरवी पट्टी किंचित पुढे सरकायची आणि पंधरा-वीस वेळा दाबलं की कसब एका गुणाने वाढायचं. शंभरापैकी नऊ, शंभरापैकी दहा. मला त्याचं वेडच लागलं. खऱ्या रियाजात अशी पट्टी नसते. सहा महिने एकाच भीमपलासात डोकं घालून बसलं तरी आपण पुढे गेलो की मागे, हे सांगायला कुणी येत नाही. गुरुजी तर मुळीच सांगत नसत. चांगलं झालं की "हं" म्हणत, आणि वाईट झालं तरी "हं"च म्हणत. इथे बोट लावलं की वाढ, आणि डोळ्यांसमोर. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी वीस-पंचवीस आठवड्यांची प्रॅक्टिस उरकत असे.

रागही यायचा. शक्ती संपली की बाहुली पलंगावर पडायची आणि जाहिरात पाहिल्याशिवाय उठायची नाही. सगळ्यात संताप याचा, की त्या अख्ख्या गेममध्ये गाणं ऐकूच येत नाही. एक ढॅण ढॅण वाजत राहतं, तेच सगळ्यांना. बाहुली तोंड उघडते, आणि ती सुरात आहे की नाही हे शेजारचा आकडा सांगतो. माझी जाऊ तिथे का चालली हे मला तेव्हा कळलं.

आम्हा दोघींचे फोन त्या गेममध्ये जोडलेले होते. त्यामुळे तिचं नवं गाणं गाजलं की माझ्या फोनवर घंटा वाजायची. भाजी निवडताना, देवपूजा करताना वाजायची. तुमच्या मैत्रिणीला पुरस्कार मिळाला. तुमची मैत्रीण पहिल्या क्रमांकावर. मैत्रीण म्हणे! माझी तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी तिच्या बाहुलीचं कसब उघडून पाहिलं. शंभरापैकी चौदा. माझं तेव्हा एकाहत्तर होतं.

मी तिला फोन लावला. "चौदावर तू शो कसे काय करतेस?"

"बटण आहे की तिथं. दाबायचं."

"पण तयारी नको?"

"पहिल्या शोला लोकांनी शिव्याच घातल्या हो. दुसऱ्याला कमी घातल्या. मग सवय झाली त्यांना." ती हसत सुटली. "तुम्ही किती शो केले अक्का?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"अय्य! मग इतके दिवस काय करायलाय?"

"प्रॅक्टिस."

"कशापायी थांबलाय मग? कुणाची अप्पणे पाहिजे तुम्हाला?"

अप्पणे म्हणजे परवानगी. तिने आपला नेहमीचा कन्नड शब्द सहज वापरला, पण मला तो टोचला. शोचं बटण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, हिरवंगार. मी ते कधी दाबलं नव्हतं. मला वाटत होतं की पट्टी भरली की गेम आपणहून सांगेल, बाई, आता गा.

हे मला असंच का वाटावं, ते कळायला गुरुजींच्या घरची रीत सांगायला हवी. गुरुजींच्या अप्पणेशिवाय त्यांच्या शिष्याने चारचौघांत तोंड उघडायचं नाही, असा तिथला कडक नियम होता. अप्पणे झाली की तंबोऱ्यापुढे नारळ फुटायचा आणि तो शिष्य गायला मोकळा. मी तिथे शिकायला लागल्यानंतर कितीतरी जणांचे नारळ फुटले. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीचा फुटला. ती पुण्याला गेली, आता तिचे कार्यक्रम होतात, पेपरात फोटो येतात, आणि मी तो पेपर लगेच रद्दीत टाकते. माझा गळा तिच्यापेक्षा बरा होता. हे मी एकटीच म्हणत नाही, पण मोठ्याने मी एकटीच म्हणते. मी वाट पाहिली. तंबोरा जुळवला, इतरांच्या मागे बसून छेडला, अम्मांना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, चहा गाळायला मदत केली. गुरुजी गेले. माझा नारळ राहिला.

गेममध्ये माझी पट्टी एका दुपारी पूर्ण भरली. शंभरापैकी शंभर. मी पदर सारखा करून बसले, अगदी खरंच सारखा करून. पडदा क्षणभर काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली. तुमची गायिका आता निवृत्त होत आहे. एकूण शो शून्य, एकूण चाहते शून्य. प्रत्येक प्रॅक्टिसला एक आठवडा जात होता, आणि त्या आठवड्यांनी बाहुलीचं वय होत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अंबाड्यात दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या मेल्यांनी. खाली विचारलं होतं, पुन्हा सुरुवात करायची का?

मी फोन पालथा घातला. त्याच वेळी घंटा वाजली, मैत्रिणीचा परदेश दौरा ठरल्याची.

माघात गुरुजींचं श्राद्ध असतं. त्यानंतरच्या रविवारी सप्तापूरच्या घरी सगळे शिष्य जमतात आणि एकेक जण थोडं गाऊन हजेरी लावतो. ज्यांचा नारळ फुटला आहे ते. मी तंबोऱ्याला असते. या वेळी जाऊ म्हणाली, "मलापण बघायचंय अक्का, खरे गवई कसे असतात ते." नाही कसं म्हणणार? जरीचं लुगडं नेसून, हुबळीहून पहिल्या बसने आली.

बैठकीच्या खोलीत सतरंजी, समोर गुरुजींचा फोटो, बाजूला अम्मा खुर्चीवर. आता त्यांना खाली बसवत नाही. एकामागून एक हजेऱ्या झाल्या. कुणी तोडी, कुणी देशकार. शेवटी गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे कालवलेले चुरमुरे, वाटायला घेणार तेवढ्यात अम्मांची नजर माझ्या जावेवर गेली.

"ही कोण? तूही म्हण की काहीतरी, बाळ."

मला वाटलं ही लाजेल. ही उठली! सरळ फोटोपुढे येऊन बसली. पाहुण्याला नियम नसतो म्हणे. मी तंबोरा घेऊन मागे. दात आवळून विचारलं, "पट्टी कुठली?"

"कुठली पण चालते की," ती म्हणाली.

तिचं माहेर अळणावरकडचं. तिकडे शेतात भांगलताना बायका म्हणतात तसलं एक कन्नड पद तिने घेतलं. माझ्या तंबोऱ्याचा षड्ज एकीकडे, ती दुसरीकडे. मी खुंट्या पिळून तिच्यामागे धावायचं सोडून दिलं. पण ती डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून, जीव तोडून म्हणत होती, आणि लोक ऐकत होते. अम्मांनी डोळ्यांना पदर लावला. संपल्यावर टाळ्या पडल्या, अशा की देशकारवाल्याचं तोंड उतरलं. माझं तर आधीच उतरलेलं होतं. गुरुजींच्या फोटोपुढे, माझ्या तंबोऱ्यावर, ही! मला तिचं लुगडं धरून तिला उठवावंसं वाटलं.

ती आपणहून उठली आणि जाता जाता अम्मांना म्हणाली, "आता अक्कांना म्हणायला लावा की. सगळे म्हटले, ह्या एकट्या राहिल्या."

मी म्हटलं, "मला अप्पणे नाही."

अम्मा माझ्याकडे वळल्या. मग हळूहळू कन्नडात बोलू लागल्या. "अप्पणे कशी असणार? तू नारळ आणलास कधी?"

"गुरुजी सांगतील तेव्हा आणायचा ना, अम्मा?"

"ते कशाला सांगतील? ज्याला गायचंय त्यानं नारळ घेऊन यायचं आणि विचारायचं. तुझ्या त्या पुण्याच्या मैत्रिणीनं तीन वेळा आणला. दोनदा त्यांनी 'अजून नाही' म्हणून परत केला, आम्ही चटणी केली. तिसऱ्यांदा फोडला." त्यांनी श्वास घेतला. "तुझी वाट बघायचे ते. मग म्हणाले, हिला गायचं नसेल. हिला शिकायलाच आवडतंय. असू दे."

नारळ फुटताना मी कितीदा पाहिला होता. तो आणा म्हणून कुणी सांगितलं, हे पाहिलं नव्हतं, कारण तसं कुणी सांगतच नव्हतं. माझ्यात गाण्याची इच्छाच नाही असं समजून तो माणूस गेला. आणि मी मात्र इतकी वर्षं पुण्याच्या तिच्यावर जळत राहिले, गुरुजींनी तिला झुकतं माप दिलं म्हणून.

"आता तुम्ही द्या अप्पणे," मी अम्मांना म्हटलं.

"मी?" अम्मा म्हणाल्या. "मी चहा करणारी. ती त्यांची गोष्ट होती, ते घेऊन गेले."

मी उठून घरी जावं, एवढंच बाकी होतं. पण जावेने माझ्या मांडीवरचा तंबोरा काढून घेतला होता. उलटा धरला होता तिने, भोपळा वर. तो सरळ करायला मी हात पुढे केला आणि तशीच फोटोसमोर सरकले. देशकारवाल्याने मुकाट्याने मागे बसून तंबोरा घेतला.

मी यमन घेतला. दुपारी बारा वाजता संध्याकाळचा यमन, ज्याला हसायचं त्याने हसावं. मला दुसरं काही सुचलंच नाही. निषादावरून वर जाताना आवाज चिरकला. तार षड्ज लागला तो काठाला लागला. तरी दोन आवर्तनं मी बंदिश धरून राहिले, मग आणखी दोन. तानेच्या वाटेला गेले नाही. फोटोतले गुरुजी काही म्हणाले नाहीत. पण हयात असताना तरी काय म्हणत होते?

टाळ्या पडल्या. शिष्टाचाराच्या होत्या, भल्या माणसांच्या. माझ्या जावेला पडल्या त्यापेक्षा कमी, चांगल्याच कमी, आणि सगळ्यात जोरात तीच वाजवत होती.

मला तिचा हेवा वाटला, कडकडून. आजवर मी गाणाऱ्या बायकांवर जळत आले ती न गाता. त्या दुपारी पहिल्यांदा गाऊन जळले.