सगळे धूसर आले, मामाजी

हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्यांना तर नाहीच नाही. लिहून टाकते, कारण तोंडानं जमणार नाही — आणि तोंडाची मी काही कमी नाही, बोरसीत आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

मामाजी म्हणजे माझे सासरे. भिलाईत प्लांटच्या फाउंड्रीत जन्म गेला. रिटायर झाल्यावर सेक्टर सहाचं क्वार्टर सोडलं आणि इकडे घर बांधलं. तरुणपणी त्यांना एका रशियन इंजिनियरनं आपल्या देशात परत जाताना कॅमेरा दिला होता. कॅमेरा केव्हाच बंद पडला. लेन्स मात्र — काय सांगू तुम्हाला! सगळी धातूची, हातात घेतली की वजन कळतं, आणि रिंग अशी मऊ फिरते की खाली ठेवावीशी वाटत नाही.

मी नवा डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा त्यांनीच ती कपाटातून काढून दिली. मी अडॅप्टर मागवून बसवली. कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. मेनूत जाऊन त्याला समजवावं लागतं की बाबा, आहे, तू काढ फोटो. फोकस आपला आपण, हातानं. पण फोटो काय येतो! मागची पानं गोल फिरत विरघळून जातात आणि मधला चेहरा आता बोलेल असा दिसतो. मंडळाच्या हळदीकुंकवाला, गणपतीला मी त्याच लेन्सनं फोटो काढायला लागले आणि माझं नाव झालं. हातानं फोकस करते म्हणे! बायका कौतुकानं बघायच्या, आणि मी बघू द्यायची.

हात कसला? नव्या कॅमेऱ्यात सोय असते — फोकस जिथं बरोबर बसला तिथल्या कडा स्क्रीनवर लाल होतात. लाल दिसलं की बटण दाबायचं. एवढंच माझं कसब.

मामाजींची गोष्टच वेगळी. ते समोरच्या माणसापर्यंत पावलं मोजायचे, जागेवर परत यायचे, रिंग शेवटपर्यंत फिरवायचे आणि तिथून अंगठ्यानं मोजत मागं यायचे. कॅमेऱ्यात डोळा घालायचा तो फक्त चौकट बघायला. त्यांचे जुने अल्बम मी कितीदा चाळले असतील! एक चेहरा फसलेला नाही. असं बोटांत येतं कुठून? मला आजही कळलेलं नाही.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही — नजरेच्या मधोमध धूर. कडेचं दिसतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आता याहून सुधारणार नाही. त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, तिचा एक फोटो मले माह्या हातानं काढू दे. ती म्हणजे सासूबाई.

सासूबाई कुरकुर करत जांभळं पातळ नेसून मागच्या अंगणात जांबाच्या — म्हणजे पेरूच्या — झाडाखाली बसल्या. मामाजींनी पावलं मोजली. रिंग फिरवली. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही. लाल कडा उमटत होत्या त्या त्यांच्या कामाच्या नव्हत्या. पाच फोटो काढले. मध्येच सासूबाईंना काहीतरी बोलले, त्या चिडल्या आणि चिडता चिडता हसल्या.

मी कॅमेरा घेतला आणि फोटो मोठे करून बघितले. चार धूसर होते. पाचवा —

पाचव्यात पापणीचा केस न् केस मोजून घ्या. आणि ते हसू! दहा वर्षांत माझ्यासमोर ही बाई कधी अशी हसली नव्हती. मी कॅमेरा उचलला की ताठ व्हायची. मी इतकी वर्षं काढलेल्या फोटोंत तसा एकही नव्हता, लाल कडा असूनही. आणि हे ज्या माणसानं काढलं त्याला तिचा चेहरासुद्धा दिसत नव्हता.

ते शेजारीच उभे होते. मान जरा वाकडी करून, कडेच्या नजरेनं मला बघायचा प्रयत्न करत.

"कसे आले, बेटा?"

"सगळे धूसर आले, मामाजी."

का बोलले? तुम्हाला वाटेल, घाईत तोंडातून निघून गेलं. नाही. मी पाचवा फोटो पुरता बघितला, मग बोलले. माझा जळफळाट झाला होता. ते "बरं" म्हणाले, कॅमेऱ्यावर एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "मंग माहा हात गेला. आता लेन्स तुह्यापाशीच राहू दे." त्यानंतर त्यांनी कॅमेरा धरला नाही. मुलीनं वाढदिवसाला किती आग्रह केला, तरी नाही. फोटो मी पुसला नाही. लॅपटॉपमध्ये दडवून ठेवला. कशासाठी? अधूनमधून उघडून बघायची. इतका सुंदर होता.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. तेरवीला भिंतीवर लावायला त्यांचा अलीकडचा एकही धड फोटो सापडेना, सगळ्यांत ताठ बसलेल्या. नवरा हवालदिल झाला. मी लॅपटॉपमधून तो पाचवा काढून दिला. मोठा करून, फ्रेम करून आणला. येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबला. सूनबाईंचा हात बघा, म्हणाले. मी हात जोडून उभी.

लोक पांगल्यावर मामाजी चाचपडत फ्रेमपाशी आले. काचेवर बोटं ठेवली आणि विचारलं, कुठं बसली आहे? जांबाखाली, मी म्हणाले. जांभळ्या पातळात? हो. त्यांनी बोटं काचेवरून फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे मी काढून राहिलो होतो, त्याच दिवसचा?"

तेव्हा तरी सांगायचं. दार स्वतः उघडून दिलं होतं त्यांनी.

"हो," मी म्हणाले, "तुमच्यानंतर मी एक काढला होता."

त्यांनी हात वर करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "बरं झालं तू काढला, बेटा. माह्या भरोशावर राहिले असते तुम्ही, तर तिचा एकही चांगला फोटो राहिला नसता."

तो फोटो त्यांनी काढला आहे.