घोळीच्या कानातले खडे

मत्स्य संशोधन केंद्रात माझं काम माशांचं वय मोजण्याचं. माशाच्या डोक्यात, कानाशी, एक पांढरा खडा असतो. त्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्षावर्षाची वलयं असतात. ती मोजली की समुद्रात जाणते मासे किती उरलेत आणि जाळी कधी आवरायला हवीत, याचा अंदाज येतो. मोजलेले खडे आम्ही लाकडी कपाटात वयाप्रमाणे ठेवतो.

परवा दुपारी धर्मा नाखवा आले. मोजणीसाठी घोळ मासा तेच आणून देतात. त्यांनी एक खडा तळहातावर घेतला.

"यानंच घोळ आयकते?"

"हो."

"म्हंजे आमची होडी यानंच आयकली असंल."

पूर्वी पाण्याखाली घोळींच्या कळपाचा आवाज घुमायचा. नाखवा होडीच्या फळीला कान लावून तो ऐकायचे आणि मगच जाळं टाकायचे. खाली घोळीही कान देऊन असतील, हे इतकी वर्षं वलयं मोजून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी कपाटाकडे पाहिलं. कपाटभर कान.

"म्हाताऱ्या घोळी कुठं?" त्यांनी विचारलं.

मी सगळ्यात खालचा खण दाखवला. त्यात कित्येक दिवसांत नवा खडा पडलेला नाही. हल्ली येतात त्या सगळ्या कोवळ्या.

नाखवा गुडघ्यावर बसले आणि खणाच्या फळीला कान लावून त्यांनी डोळे मिटले. का कोण जाणे, मी उठून पंखा बंद केला.

बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "आयकतायत. बोलत नाहीत."