न दिलेली चिठ्ठी

स्पेनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सान मामेदेत एदेलमिरा कोउतोला कोणी नावाने हाक मारत नाही. तिला सगळे इंग्रजीण म्हणतात, आणि तेही तिच्या तोंडावर. ती चहात दूध घालते, बसच्या रांगेत कोणी घुसलं तर त्याला दंडाला धरून मागे नेऊन उभं करते, आणि झालेला अपमान विसरत नाही. पहिल्या दोन गोष्टी तिने लंडनहून आणल्या. तिसरी तिला आमच्याच गावाने शिकवली, आणि शिकवणाऱ्याचं नाव बाल्दोमेरो पासोस.

तिचे आईबाप इथलेच. आई दोसिन्दा लंडनच्या एका इस्पितळात फरशा पुसायची, बाप हॉटेलात भांडी घासायचा. एदेलमिरा तिकडेच जन्मली, तिकडच्याच शाळेत शिकली आणि अठराव्या वर्षी तिकडची बारावी पास झाली. रसायन आणि जीवशास्त्र, दोन्हींत वरची श्रेणी. तिला नर्स व्हायचं होतं. आईने वीस वर्षं ज्या वॉर्डांत वाकून काम केलं, तसल्या वॉर्डात मुलीने ताठ मानेने फिरावं, एवढीच त्या घराची हौस होती. शहाऐंशी साली बापाने गावात बांधायला काढलेलं घर पुरं झालं आणि बिऱ्हाड परत आलं. नर्सिंग आता ला कोरुन्याला करायचं ठरलं. त्यासाठी लंडनचे कागद आमच्या शाळेच्या खिडकीत द्यायचे होते, आणि खिडकीत शाळेचा सेक्रेटरी बसायचा. तोच हा पासोस.

पंचेचाळिशीचा माणूस, अक्षर छापल्यासारखं, आणि बोलताना समोरच्याकडे बघायची सवय नाही. त्याने कागद उलटसुलट केले.

"हे कोणाचे?"

"माझे, साहेब. लंडनचे."

"इथे लिहिलंय एदेलमिरा कोउतो. पुढे काय? हे बापाचं आडनाव झालं. आईचं कुठंय?"

"तिकडे एकच लावतात, साहेब."

"तिकडे काय करतात ते तिकडे. माझ्यापुढे जन्मदाखला आहे एदेलमिरा कोउतो लागोचा. ह्या कागदावरच्या पोरीला तर आईच नाही."

दोसिन्दा शेजारीच उभी होती. लंडनला चर्चला घालायची तो निळा कोट तिने त्या दिवशी मुद्दाम घातला होता. ती हळूच म्हणाली, "आई मी आहे ना, साहेब." रांगेत खसखस पिकली. पासोसने मान वर केली नाही.

"माद्रिदला पाठवा. तिथून समकक्षतेचा कागद आला की या."

"किती दिवस लागतील?"

"येईल तेव्हा येईल. पुढचा कोण?"

कागद यायला एकोणीस महिने लागले. तेवढ्यात बापाला नव्या घराच्या नव्या स्वयंपाकघरात अर्धांगवायूचा झटका आला. घर चालवायला एदेलमिरा शिंपले डब्यात भरायच्या कारखान्यात लागली. दिवसभर उकडलेले शिंपले सोलायचे, संध्याकाळी बापाला भरवायचं. माद्रिदचा कागद आला तेव्हा ला कोरुन्याला जायचं नाव काढण्यासारखी घरची स्थितीच उरली नव्हती. दोसिन्दाने तो कागद दोन बोटांनी उचलला आणि चादरींच्या घडीखाली ठेवून दिला.

इथवरचं एदेलमिराने नशीब म्हणून गिळलंही असतं. पण त्या ऑगस्टच्या जत्रेत ऑक्टोपस उकडायच्या हंड्यापाशी तिला लोइदा भेटली. साउदॅम्प्टनहून परतलेल्या घरातली मुलगी, हिच्याच वयाची, हिच्यासारखेच कागद. आणि ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"कसं काय ग?" एदेलमिराने विचारलं. "तुझा कागद लवकर आला?"

"छे, अजून यायचाय. मी चिठ्ठीवर बसलेय."

"कसली चिठ्ठी?"

"तात्पुरत्या प्रवेशाची. अर्ज केला की तिथल्या तिथे शिक्का मारून देतात. ती दाखवायची नि वर्गात जाऊन बसायचं, कागद येईल तेव्हा येईल. तुला दिली नाही?"

दुसऱ्या दिवशी एदेलमिरा खिडकीपाशी उभी राहिली. अंगाला शिंपल्यांचा वास तसाच होता.

"साहेब, अशी चिठ्ठी असते हे तुम्हाला माहीत होतं?"

पासोसची लेखणी थांबली. मग तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने आवाज चढवला नाही. ती लंडनची पोर, रांगेत ओरडत नाही. तिने त्या माणसाचा चेहरा नीट पाहून घेतला आणि घरी गेली.

पुढे चार वर्षांनी बाप वारला. कारखाना सोडून तिने शाळेच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे एक गाळा घेतला आणि पाटी लावली: परतलेल्यांची कागदपत्रं करून मिळतील. लंडन, ब्रिस्टल, रेडिंग, कुठून कुठून घरं परत येत होती. त्यांच्या मुलांचे दाखले, गुणपत्रकं, भाषांतरं, आडनावांचे घोळ, सगळं ती बघायची. नियमांची पुस्तकं तिला पाठ होती. आईचं आडनाव नसलेल्या कागदावरून एकाही पोराचं वर्ष तिने बुडू दिलं नाही. लोक म्हणायचे, इंग्रजिणीचं काळीज मोठं. कसलं मोठं! ती प्रत्येक पोरात पासोसला हरवत होती, आणि तसं ती उघड बोलूनही दाखवायची.

सप्टेंबर आला की ती पोरांना घेऊन स्वतः खिडकीशी जायची. पासोसचा गुडघा तोवर दुखायला लागला होता आणि चिठ्ठ्यांचं कपाट खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. सहा पोरं असली तरी ती सहा चिठ्ठ्या एकदम मागत नसे.

"साहेब, एक चिठ्ठी द्या." तो उठायचा, लंगडत जायचा, आणायचा, बसायचा. शिक्का मारून झाला की, "आता ह्या मुलीची द्या, साहेब. विचारतेय हो मी. नंतर म्हणाल विचारलं नाही."

समोरच्या बारमध्ये आम्ही कॉफीचे पेले घेऊन काचेशी उभे राहायचो आणि त्याच्या फेऱ्या मोजायचो. एका सप्टेंबरात एकोणतीस झाल्या. तो निवृत्त झाला तेव्हा शाळेने समारंभ केला, भाषणं झाली. एदेलमिराने भेट पाठवली. गुंडाळलेला कागद काढला तर आत चौकटीत बसवलेली एक कोरी चिठ्ठी. पासोसच्या बायकोने ती उलटी करून ठेवली म्हणतात.

त्यालाही आता सतरा वर्षं झाली. बायको गेली, मुलगा त्याआधीच ब्रिस्टलला जाऊन तिकडच्याच मुलीशी लग्न करून तिकडचाच झाला. आणि नात इरिया, अठरा वर्षांची, तिने मनात घेतलं की गुरांची डॉक्टर व्हायचं आणि तेही लुगोच्या महाविद्यालयात. आजोबांजवळ. उन्हाळ्यात ती येऊन राहिली. म्हातारा पोरीला घेऊन मिरवत होता, बाजारात प्रत्येकाला थांबवून सांगत होता. पासोसला कोणाकडे मान वर करून बघताना आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

मग तिचे कागद खिडकीतून परत आले. ब्रिस्टलच्या प्रमाणपत्रांवर नुसतं इरिया पासोस. जन्मनोंदीत इरिया पासोस व्हिटकोम. दोन्ही एकच मुलगी असल्याचा वकिलातीचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही, आणि अर्ज नाही तर चिठ्ठीही नाही. शेवटच्या तारखेला तीन दिवस होते. तीन दिवसांत तो दाखला काढून आणणारं माणूस साऱ्या किनाऱ्यावर एकच होतं.

पासोस काठी टेकत रस्ता ओलांडून आला. एदेलमिराने त्याला बसा म्हटलं नाही. तिने इरियाचे कागद चाळले, चष्मा वर केला आणि सावकाश म्हणाली, "ह्या कागदावरच्या पोरीला आईच नाही, साहेब."

म्हातारा टेबलाच्या आणखी जवळ आला. मग म्हणाला, "बोल. मी बोलून घ्यायलाच आलोय."

"बोलून माझं पोट भरत नाही. लिहून द्या."

"काय लिहू?"

"तुम्हाला चिठ्ठी माहीत होती आणि तुम्ही ती मला मुद्दाम दिली नाही. एवढंच. तारीख घालून, सहीसकट. मी इथे लावणार आहे."

पासोस न सांगता खुर्चीवर बसला. काठी त्याने दोन्ही हातांनी धरली.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"चिठ्ठीचं. तू विचारायला आलीस तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी कपाट उघडून पाहिलं. परिपत्रक होतं, त्याच्याखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा, सुतळीत बांधलेला तसाच. दोन वर्षं पडून होता. मी उघडलाच नव्हता."

"मग 'तू विचारलं नाहीस' असं का म्हणालात?"

"सेक्रेटरीला माहीत नाही, असं सगळ्या रांगेसमोर म्हणू? मला वाटलं, अडाणी ठरण्यापेक्षा वाईट ठरलेलं बरं." तो खिन्न हसला. "तू तर मला चांगलाच वाईट ठरवलंस."

एदेलमिराला काही क्षण ऐकू येईनासं झालं. तिला त्याचं खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणूनच तिचा जळफळाट झाला. दुष्ट माणसाशी उभा जन्म वैर धरता येतं, त्यात एक इभ्रत असते. आणि हा म्हणतोय की समोर कोणी नव्हतंच, एक आळशी कारकून होता ज्याने सुतळी सोडली नाही. तिचं नर्सिंग, आईचं ते हळूच बोलणं, बारच्या काचेतून मोजलेल्या फेऱ्या, सगळं एका न सोडलेल्या गाठीपायी? हे ती मानून घेणार नव्हती.

"लिहा," ती म्हणाली. "माहीत होतं, असं लिहा."

"अगं, पण ते खोटं आहे."

"इरियाला लुगोला जायचंय ना?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. मग त्याने कागद ओढला. अक्षर तसंच छापल्यासारखं उतरलं. मला चिठ्ठीची माहिती होती. मी ती एदेलमिरा कोउतो लागो हिला जाणूनबुजून दिली नाही. खाली दोन्ही आडनावांनी सही केली, आधी बापाचं, मग आईचं.

एदेलमिरा शब्दाला पक्की. त्याच सकाळी ती स्वतः वकिलातीत गेली, दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आली, कागदाला कागद जोडून अर्ज असा केला की खिडकीतल्या मुलीने बघताबघता शिक्का मारला. आणि म्हाताऱ्याचा कागद तिने टेबलाच्या काचेखाली सरकवला. अक्षरं गिऱ्हाइकाच्या बाजूला.

इरिया चिठ्ठी घ्यायला आली. उंच, हसरी पोर, बोलताना अजून शब्द शोधावे लागायचे तिला. तिने चिठ्ठी घेतली, आभार मानले आणि खाली वाकून पिशवी उचलताना तिची नजर काचेखाली गेली. आजोबांचं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. दर वाढदिवसाला ब्रिस्टलला पत्र जायचं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"एदेलमिरा तुम्हीच ना?"

"मीच."

"मग तुमचं पुढचं शिक्षण...?"

"नर्स व्हायचं होतं. नाही झाले."

"आजोबांनी हे मुद्दाम केलं?"

"सही त्यांचीच आहे."

"सही दिसतेय मला. मी तुम्हाला विचारतेय." पोरीने काचेवर बोट ठेवलं. "ते असं करतील असं मला वाटत नाही. तुम्ही सांगा नाही म्हणून, मी विश्वास ठेवीन."

एक शब्द पुरला असता. एदेलमिराला तो तोंडात आलेला जाणवला. तिला आईचा निळा कोट दिसला आणि रांगेतलं हसू ऐकू आलं.

"मुद्दाम केलं," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी लुगोची बस बारसमोर उभी होती. पासोस दहा मिनिटं आधीच येऊन थांबला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फडक्यात बांधलेला डबा. नातीला आवडते ती टुना मासा भरून भाजलेली एम्पानाडा त्याने शेजारणीकडून करून घेतली होती. इरिया आली. दोन रात्री ती मैत्रिणीकडे राहिली होती. तिने बॅग बसच्या पोटात ठेवली आणि त्याच्या बाजूने न जाता बसला वळसा घालून चढली. बसली तीही पलीकडच्या खिडकीशी. म्हातारा डबा वर धरून काचेखाली उभा राहिला. तिच्या शेजारच्या बाईने तिला खांद्याला हात लावून दाखवलं. तिने मान हलवली नाही.

एदेलमिरा आपल्या दारात उभी होती. हे बघण्यासाठी ती सदतीस वर्षं जगली होती, आणि तिने ते पापणी न हलवता सगळं पाहिलं, बस वळणाआड जाईपर्यंत. म्हातारा डबा हातात धरून तिथेच उभा होता, आणि मग त्याने वळून तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. मुलीला तू काय सांगितलंस, एवढंच तो विचारत होता.

रस्ता ओलांडायला वीस पावलंही लागली नसती. एदेलमिराने दार लावून घेतलं आणि आत बसलेल्या बाईला विचारलं, तुमचा मुलगा कितवीपर्यंत शिकलाय.